घरचं माणूस येऊ दे

या मंडळी, जरा पुढे सरका. मागे बसलेल्याला गोष्ट अर्धीच पोचते, आणि अर्धी गोष्ट अर्ध्या औषधासारखी असते, रोग नुसता चिडवून ठेवते. आज सांगणार आहे ती आमच्या गल्लीच्या दाराची आणि एका भावाच्या सुडाची. गोड नाही. पण देवाचं नाव घेऊन गोडच सांगायचं असा काही कायदा नाही. आणि कायदा नसला की काय होतं, तेच तर सांगायचंय.

एक आधीच कबूल करतो, मागून कुणी बोट दाखवायला नको. या गोष्टीत मीही आहे. मी चष्मे दुरुस्त करतो. त्या दिवशी मी दारापासून चार पावलांवर उभा होतो आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

तर त्या वर्षी कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीला कुलूप लागलं. साहेब गेले, शिपाई गेले, जाताना भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून घेऊन गेले. पहिला आठवडा आम्ही माणसांसारखे वागलो. पाण्याच्या रांगेत "तुम्ही भरा आधी", "छे छे, तुम्ही". दुसऱ्या आठवड्यात रांगेत कोपरं आली. तिसऱ्या आठवड्यात दाराची घंटा वाजली तरी कुणी "कोण आहे?" विचारेना, घरंच्या घरं मुकी झाली. माझ्या बायकोनं गिरणीवाल्यांकडून भाजी चिरायला सुरी आणली होती. ती म्हणाली, "परत देऊन येते." मी म्हटलं, "राहू दे. घरात असावी." बघा, कसं सुरू होतं ते. सुरीपासून.

मग एका दुपारी कंपाउंडरच्या दारात कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "वहिनी, घोटभर पाणी मिळेल का?" वहिनींनी दार उघडलं. अर्ध्या तासात घर धुऊन नेलं, भिंतीवरच्या खुंट्या तेवढ्या राहिल्या. त्या संध्याकाळी सगळी गल्ली हेडमास्तरांच्या ओट्यावर जमली आणि ठरलं, गल्लीच्या तोंडाला लोखंडी दरवाजा बसवायचा.

दरवाजा केला आमच्या मिस्त्रीनं. वेल्डिंगचं दुकान होतं त्याचं, गल्लीच्या तोंडासमोर, रस्ता ओलांडून. माणूस अबोल. बोलला तर लोखंडाशी बोलणार. लग्न केलं नाही. घर मात्र गल्लीतच, घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्का सुईण होती, दवाखान्यात शिकून आलेली, आणि या गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती. मी त्यातला एक.

मिस्त्रीनं शाळेच्या मोडक्या बाकांचं लोखंड घेतलं, खिडक्यांचे गज घेतले, आठ दिवसांत दरवाजा उभा केला. दोन माणसं उंच, वर भाले. आणि त्यात एक दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं ते छोटं दार, वाकून आत शिरायचं. दिंडीला कुलूप आतल्या बाजूनं. किल्ल्या तीन, मिस्त्रीनं करून मास्तरांना दिल्या, वाटल्या मास्तरांनी. एक मास्तरांकडे, एक दुकानवाल्या काकींकडे आणि तिसरी, अडीअडचणीला म्हणून, पेपरवाल्याकडे, कारण त्याची खोली दाराला लागून. पेपर छापायचे कधीच बंद झाले होते, पेपरवाला नावापुरता उरला होता; जुन्या सवयीनं पहाटे तीनला उठायचा आणि दिवस चढला की झोपायचा. जुने पेपर घडी घालून ठेवायचा आणि कुणी भेटलं की म्हणायचा, "मागच्या वर्षीचा पाऊस वाचून दाखवू का? चांगला पडला होता."

नियम मास्तरांनी केला. तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस, नियमाशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. दाराच्या आतल्या बाजूला स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं, सुंदर अक्षर: 'घरचं माणूस येऊन ओळख पटवेल, तेव्हाच दिंडी उघडावी.' बाहेर कुणीही असो. घरचं माणूस आलं, "हा आमचा" म्हणालं, की आत. आम्हाला फार आवडला नियम. कुणाला तोंड वर करून नाही म्हणायला नको, नियमच म्हणेल.

पंधरा दिवस सुरळीत गेले. सोळाव्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडून निरोप आला, एक पोरगी अडली आहे. आक्का पिशवी घेऊन पहाटेच निघाली. मास्तरांनीच दिंडी उघडून दिली आणि म्हणाले, "आक्का, जाऊ नका. दिवस बरे नाहीत."

आक्का म्हणाली, "मास्तर, पोराला कुठे माहीत असतं दिवस कसे आहेत ते. त्याला यायचं तेव्हा ते येतं."

साडेदहा-अकराच्या सुमाराला ती परत आली. ऊन चांगलं तापलं होतं. आम्ही सातजण दाराशी होतो: मास्तर, किल्ली दुकानात ठेवून आलेल्या काकी, गिरणीवाले दोघे भाऊ, कंपाउंडर, त्याची बायको आणि मी. मिस्त्री गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शेवटच्या घराच्या मागच्या खिडकीला गज बसवत होता. त्याचा ग्राइंडर चालू होता. त्या आवाजात स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नाही.

आक्का दमलेली होती, पण चेहरा उजळलेला. गजांतून म्हणाली, "मुलगी झाली. तीन किलो. उघडा, पाय गेलेत माझे."

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. मी पाहिला. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला मोटारसायकलचा आवाज आला. दोन गाड्या. आणि तो हात खिशातच राहिला.

"आक्का," मास्तर म्हणाले, "घरचं माणूस येऊ दे."

आक्का हसली. तिला वाटलं, गंमत करताहेत. "मास्तर, तुमच्या मुलाची नाळ या हातानं कापली. आता माझी ओळख पटवायला कोण आणू?"

"नियम आहे हो," काकी म्हणाल्या. "मास्तरांनी एकाला सोडलं की उद्या दुसरा म्हणेल."

"अगं, मी काय दुसरी आहे का?" मग तिनं मान वळवून गाड्या पाहिल्या आणि दोन्ही हातांनी गज धरले. "अरे चष्मेवाल्या, तुला तरी दिसतंय ना मी कोण आहे ते?"

"दिसतंय, आक्का," मी म्हटलं.

"मग सांग की यांना!"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी फळ्याकडे पाहावं तसं दारावरच्या खडूच्या अक्षरांकडे पाहिलं.

"बरं, नका उघडू," आक्का म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "माझ्या भावाला हाक मारा. दोनशे पावलांवर आहे तो. पळत जा कुणीतरी."

मंडळी, इथे नीट ऐका, कारण माझ्या छातीवर धोंडा आहे तो हा आहे. नियम मोडायचा नव्हता, कबूल. पण नियम पाळायला दोनशे पावलंच पळायचं होतं. थोरला गिरणीवाला धाकट्याला म्हणाला, "जा रे." धाकटा कंपाउंडरला म्हणाला, "तुम्ही जा, तुमच्या पायात चप्पल आहे." कंपाउंडर म्हणाला, "हिला एकटीला टाकून कसा जाऊ?" मी कुणाला काहीच म्हटलं नाही. हललं कुणीच नाही. खरं सांगू? बघायचं होतं आम्हाला. दाराच्या आत आहोत, हे बघायचं होतं.

गाड्यांवरच्या पोरांना पिशवी हवी होती, तिच्यातली औषधं. तिनं सोडली नाही. पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता आणि गाडी सुरू झाली. एवढंच सांगतो. याहून जास्त सांगितलं तर गोष्ट तिची राहणार नाही, त्या पोरांची होईल.

मिस्त्री आला तेव्हा गाड्यांची धूळ खाली बसली होती. दिंडी तेव्हा उघडली होती. घरचं माणूस आलं होतं ना.

तो रडला नाही. बहिणीचे पाय सरळ केले, तिचा पदर नीट केला, मग वळून विचारलं, "किल्ली कुणाकडे होती?"



तिला पोचवून आल्यावर त्यानं पुन्हा तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दारोदार जाऊन, एकेका चौकटीला टेकून उभा राहायचा. माझ्याकडे आला तेव्हा मी काचा पुसत होतो. "किल्ली कुणाकडे होती?" मी म्हटलं, "गर्दी होती रे, लक्षात नाही." सातजणांची गर्दी!

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "उद्या दुपारी बारा वाजेपर्यंत मला तो माणूस द्या. त्याचं मी काय करायचं ते करीन. नाही दिलात तर दरवाजा मी केलाय, मी काढून नेईन. मग बघा एकमेकांची तोंडं."

त्या दुपारी आम्ही मास्तरांच्या पुढच्या खोलीत बसलो. दार लावून. आतल्या खोलीत त्यांची सून होती, तिला सातवा महिना. तिला ऐकू जाऊ नये म्हणून सगळे कुजबुजत होते.

"दार गेलं तर आपण मेलो," थोरला गिरणीवाला म्हणाला.

"आणि नाव दिलं तर मास्तर मेले," काकी म्हणाल्या. "त्याच्या हातात घण बघितला का? हातातून खाली ठेवतच नाही."

मास्तर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "द्या माझं नाव." पण असं म्हणाले, की कुणीतरी 'नको' म्हणावं. आणि आम्ही सगळे एकदम म्हणालो, "छे छे, मास्तर!" सवयच होती त्यांच्यापुढे असं म्हणायची.

मग कंपाउंडर हळूच म्हणाला, "किल्ल्या तीन आहेत. तिसरी पेपरवाल्याकडे."

"तो तर त्या वेळी झोपला होता," मी म्हटलं.

"झोपला होता, पण किल्ली होती ना त्याच्याकडे? हे काही खोटं नाही."

"दाराला लागून राहतो," काकी म्हणाल्या. "एवढी आक्का ओरडत होती, उठायला नको?"

"पुढे-मागे कुणी नाही त्याला," धाकटा गिरणीवाला म्हणाला. हे त्यानं दया दाखवल्याच्या आवाजात म्हटलं. देवा, त्या आवाजाची मला अजून शिसारी येते. आणि शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाराला अख्खी गल्ली दाराशी जमली. पेपरवाल्याला खाटेवरून उठवून आणलं होतं. बनियन, चुरगळलेला पायजमा, चष्मा हातात. मीच जोडून दिलेला चष्मा. मिस्त्री दाराला पाठ लावून उभा. हातात घण, पायाशी गॅसचा कटर.

"हाच," कंपाउंडर म्हणाला. "किल्ली याच्याकडे होती."

पेपरवाल्यानं आमच्याकडे पाहिलं, बातमी कळत नसली की पुन्हा वाचतात तसं. मिस्त्रीनं हात पुढे केला. "दे."

पेपरवाल्यानं कमरेच्या करगोट्याची गाठ सोडून किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मिस्त्रीनं तिच्या दातांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. अंगठ्यावर रक्ताचा बारीक ठिपका आला.

तेव्हा मला कळलं नाही, नंतर कळलं. कानस मारून किल्ली केली की दातांच्या कडेला केसाएवढी धार राहते. किल्ली पाच-दहा वेळा कुलपात फिरली की ती झिजून जाते. ही धार जशीच्या तशी होती. ही किल्ली त्या कुलपात एकदाही गेलेली नव्हती; म्हणजे दाराशी उभं राहून दिंडी उघडणारा-लावणारा माणूस हा नव्हेच. इतर कुणाला फसवता आलं असतं, मंडळी. ज्याच्या हातानं दात पाडलेत त्याला नाही.

किल्ली त्यानं खिशात टाकली. त्यानं घण उचलून खांद्यावर घेतला आणि एकेकाला विचारलं.

"काकी, हाच?"

"हो बाबा. हाच."

"दादा, हाच?" दोघे गिरणीवाले म्हणाले, हो. कंपाउंडर हो. त्याची बायको, तोंडाला पदर लावून, हो.

"चष्मेवाले?"

मी म्हटलं, "हो."

"मास्तर?"

मास्तरांनी डोळे मिटले. "हो."

मग तो पेपरवाल्याकडे वळला. "तुला काही म्हणायचंय?"

म्हाताऱ्यानं हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "मिस्त्री, मी झोपलो होतो. किल्ली कमरेला होती, डोळ्यावर झोप होती. जागा असतो तर उघडली असती, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. मीही भित्राच आहे. पण झोपलो होतो, हे खरं."

मिस्त्रीनं घण खाली ठेवला. इतक्या हळू, की आवाजसुद्धा झाला नाही. म्हणाला, "तू बाजूला हो, काका. ठिणग्या उडतील."

आणि त्यानं कटर पेटवला.

पहिली बिजागरी लाल झाली, पिवळी झाली, पाण्यासारखी ओघळली. तेव्हा गल्लीला कंठ फुटला. "अरे, काय करतोस!" "लेकरं आहेत घरात!" काकींनी कपाळ बडवून घेतलं. गिरणीवाले पुढे झाले, पण ज्योत बघून मागे सरले. मास्तर हात जोडत म्हणाले, "थांब रे बाबा. माझी सून भरल्या पोटाची आहे."

मिस्त्री वळलासुद्धा नाही. "थांबतो की. घरचं माणूस येऊ दे. ते म्हणालं थांब, तर थांबतो."

"कोण घरचं माणूस?"

"दरवाजा माझा. माझ्या घरी एकच माणूस होतं."

मास्तर मटकन खाली बसले. खिशातून किल्ली काढून त्यांनी दोन्ही हातांवर धरली. "माझ्याकडे होती. ही बघ. मी उघडली नाही. मला मार, पण दार ठेव."

दुसऱ्या बिजागरीवरून ज्योत न हलवता मिस्त्री म्हणाला, "काल सांगितलं असतंत तर तुम्हालाच मारलं असतं, मास्तर. एकाला मारायचं म्हणून आलो होतो मी. तुम्ही सातजण निघालात. सातांना मारायला माझा हात पुरणार नाही. दार काढलं की पुरतो."

दरवाजा आडवा पडला तेव्हा पायाखालची जमीन हादरली. त्यानं तो हातगाडीवर घातला. पेपरवाला मुकाट्यानं मागून ढकलायला लागला, आणि दोघे रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेले. पेपरवाला पुन्हा गल्लीत राहायला आला नाही. आमच्या तोंडाशी उरलं एक भोक, दोन माणसं उंच.

मिस्त्री गाव सोडून गेला असता तर बरं झालं असतं. गेला नाही. रोज दुकानासमोर स्टूल टाकून बसायचा, आमच्याकडे तोंड करून. आम्ही घराघरांत दुहेरी कड्या लावल्या. त्याच्याकडे कडी मागायला कंपाउंडर गेला होता. मिस्त्री म्हणाला, "तुमच्यासाठी कडी करायला लोखंड कोळशात घालीन, त्या दिवशी आधी हात घालीन."

चौथ्या दिवशी भरदुपारी ती पोरं आली. नऊजण. पहिलं घर काकींचं. काकी ओरडत होत्या, एकेकाचं नाव घेऊन ओरडत होत्या, माझंही घेतलं. मी आतून कडीला पाठ लावून उभा होतो आणि बायको माझ्याकडे बघत होती. हातात ती गिरणीवाल्यांची सुरी. कुणाचंही दार उघडलं नाही. मग मास्तरांचं घर. सून किंचाळली.

आता हे मी फटीतून पाहिलं. मिस्त्री स्टुलावरून उठला. दोन पावलं चालला. थांबला. आणि परत जाऊन बसला. त्याच्या तोंडावर सूड होता, मंडळी, आणि तो सूड त्याला गोड लागत नव्हता, तरी तो गिळत होता.

त्याच्या शेजारून कुणीतरी पळालं. पेपरवाला! पायात एकच चप्पल, हातात पत्र्याचा तुकडा आणि हातोडी. पत्रा बडवत, जे सुचेल ते ओरडत तो थेट मास्तरांच्या दारात घुसला. "आले रे आले! पाठीमागून पन्नास आले!" कुणी आलं नव्हतं. पण पोरं गडबडली, हाताला लागलं ते घेऊन निघाली. जाताना एकानं त्याच्या हातावर सळई घातली. हाड मोडलं. सून वाचली. पोरही वाचलं तिचं.

नंतर मी त्याला विचारलं, "काका, एवढे भित्रे तुम्ही, कसे काय धावलात?"

तो म्हणाला, "जागा होतो ना त्या दिवशी. पंचाईत झाली."

मोडलेल्या हाताला मिस्त्रीनं पट्ट्या बांधल्या. आमच्या गल्लीत येऊन, आमच्या डोळ्यांदेखत. पेपरवाल्याशी दोन शब्द बोलला, आम्हाला नजर दिली नाही. मास्तर त्याच्या पायाशी बसले, तर तो त्यांच्यावरून पाऊल टाकून गेला. पुढे चौकी उघडली, साहेब आले, घड्याळ आलं. कायदा परत आला. कुणालाही कुणी काही विचारलं नाही, कारण आम्ही केलं त्याला कलमच नव्हतं. मिस्त्री आजही आहे. म्हातारा झालाय. आमच्यापैकी कुणालाही त्यानं क्षमा केली नाही, आणि करावी असं मी देवाकडे मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू?

मागायचं ते तुमच्याकडे मागतो. पोर जन्मून रडलं नाही की आक्का त्याला उलटं धरून पाठीवर चापट द्यायची आणि म्हणायची, "रड ग माये, रड. आम्ही ऐकायला बसलोय." तुमच्या घरी नवं पोर रडेल, तेव्हा एक क्षण थांबा आणि तिला आठवा. नाव नका शोधू, आक्का म्हटलं तरी तिला पोचेल.